जुन्या गाडीचा एसी: गॅस भरण्याआधी या चुका टाळा

'गॅस कमी झालाय, भरून टाका' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तोच तो फिरत राहतो. जुन्या होजमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे मान्य. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी लीकेज आहे आणि ते शोधायचा कंटाळा केला जातोय.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे व्हॅक्यूम (पंपाने आतलं सगळं ओढून केलेली पोकळी) टिकला, म्हणजे लीकेज नाही असं समजणं. व्हॅक्यूममध्ये सिस्टिमवर बाहेरून फक्त हवेचा दाब असतो, जेमतेम 15 पीएसआय. एसी चालू असताना हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरपुढच्या जास्त दाबाच्या भागात, दाब 200 च्या आसपास किंवा वर जातो, तोही आतून बाहेर. आमच्याकडे एक जुनी सेदान आली होती. इतरत्र गॅस भरून झालेला, व्हॅक्यूमही टिकलेला, तरी काही दिवसांतच गार हवा बंद. नायट्रोजन 150 पीएसआयपर्यंत सोडला, जोडांना साबणाचं पाणी लावलं. काही नाही. मग कॉम्प्रेसरमधून निघणारा डिस्चार्ज होज हाताने थोडा वाकवला, तसा रबर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या क्रिम्पपाशी (दाबून बसवलेल्या जोडापाशी) बारीक फेस फुलू लागला. होज सोडला की फेस थांबायचा. म्हणजे इंजिन हललं की तिथून गॅस जायचा, आणि व्हॅक्यूम घेताना तर इंजिन बंदच. त्या क्रिम्पवर तेलकट धूळ आधीपासून होती. गॅससोबत तेलही बाहेर येतं, त्यामुळे मी गेज लावण्याआधी टॉर्च घेऊन असे डाग शोधतो. नवशिक्यांना मात्र आधी सिलिंडर जोडायची घाई.

नायट्रोजन नाही म्हणून टायरवाल्याचा हवेचा कॉम्प्रेसर लावू नका, आत ओलावा जातो. ऑक्सिजन तर कधीच नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो.

लीकेज बुजवणारी बाटलीतली औषधं मला अजिबात मान्य नाहीत. गॅसचा दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह चोंदतो आणि गॅस काढायचं मशीनही बिघडतं.

जोड उघडला की ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) नवीनच, एसीसाठीच्या एचएनबीआर रबराची, सिस्टिमच्या तेलाचं बोट फिरवून. सीलंट नको. नट सोडताना दोन पाने लावा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा पाइप पिळला जातो. सिस्टिम उघडी राहिली असेल तर ड्रायर (आतला ओलावा शोषणारा डबा) बदला.

चार्जिंग व्हॉल्व्हची पिन कुणी बघत नाही. टोपी लावण्याआधी तिच्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका.

कॉम्प्रेसर चालू होत नाही म्हणून लो प्रेशर स्विचला (गॅसचा दाब कमी असला की कॉम्प्रेसर बंद ठेवणारा) वायर जोडून तो बायपास करणारे महाभाग आहेत. कॉम्प्रेसरला तेल गॅससोबतच परत मिळतं. गॅस नाही तर तेल नाही, आणि मग तो जाम होतो.

डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलपर्यंत साबण पोचत नाही. तिथे सिस्टिममध्ये यूव्ही डाय (यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग) टाकून पाणी निथळणाऱ्या नळीच्या तोंडाशी चमक दिसते का बघा.

उरलेला गॅस हवेत सोडू नका. आर-134ए हा एसीचा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो, शिवाय तो उणे 26 अंशांवर उकळतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे घाला. नवा गॅस वजनकाट्यावर, बॉनेटखालच्या स्टिकरवर असेल तेवढाच. आर-12 या आधीच्या गॅसवर चालणाऱ्या जुन्या गाडीत आर-134ए भरायचा असेल तर तेलही त्याला चालणारंच लागतं, आणि स्टिकरवरचा आकडा तसाच चालत नाही, थोडा कमी भरावा लागतो.