सरकारी आयटीचं काम परदेशात जाणार अशी कुणकुण लागली तर युनियनने काय काय करायचं

मी न्यू जर्सीत राहते, एका सरकारी एजन्सीत आयटीत आहे आणि गेली काही वर्षं आमच्या युनियनची शॉप स्ट्युअर्ड, म्हणजे कामाच्या जागेवरची युनियनची प्रतिनिधी, आहे. मागच्या दोन महिन्यांत ओळखीतल्या दोघा मराठी लोकांनी, एक काउंटीत आहे आणि एक दुसऱ्या राज्यात, मला फोन करून जवळपास तेच विचारलं की अगं आमच्याकडे कन्सल्टंट येऊन बसलेत, सगळं लिहून मागतायत, काय करू? फोनवर सांगून सांगून थकले म्हणून इथे एकत्र लिहितेय. कायद्याचं जे लिहिलंय ते न्यू जर्सीचं आहे, तुमच्या राज्यात वेगळं असणार, तेवढं आपल्या लोकलला, म्हणजे युनियनच्या स्थानिक शाखेला, विचारून घ्या.

आधी स्वतःचा अनुभव सांगते कारण त्यातूनच हे शिकले. आधीच्या एका नोकरीत, तीही सरकारीच, आमच्या टेस्टिंगच्या टीमकडे दोन माणसं एक स्प्रेडशीट घेऊन आली. प्रत्येकाने आपलं काम लिहायचं, कुठल्या कामाला किती मिनिटं, आठवड्यातून किती वेळा, कुठल्या सिस्टिमचा अ‍ॅक्सेस लागतो. आम्ही भाबडेपणाने सगळं भरून दिलं, मी तर दोन संध्याकाळी घरी बसून भरलं, वाटलं आपल्याला माणसं वाढवून देणार. आठ महिन्यांनी आरएफपी, म्हणजे बाहेरच्या कंपन्यांकडून प्रस्ताव मागवणारी जाहिरात, निघाली आणि तिच्या कामाच्या यादीत आमचीच वाक्यं होती, माझी एक स्पेलिंगची चूकसुद्धा तशीच. युनियनला कळलं तेव्हा टेंडर उघडून झालं होतं. सहा जागा गेल्या.

म्हणून पहिली गोष्ट, चाहूल ओळखा. रिटायर झालेल्या माणसाची जागा भरत नाहीत, ‘असेसमेंट’ आणि ‘मॅनेज्ड सर्व्हिसेस’ (म्हणजे काम बाहेरच्या कंपनीने चालवायचं) हे शब्द मीटिंगमध्ये वारंवार यायला लागतात, ट्रेनिंगचं बजेट गोठतं, बाहेरून आलेले लोक तुमच्या कामाचं डॉक्युमेंटेशन मागतात पण कशासाठी ते सांगत नाहीत. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की त्याच दिवशी स्ट्युअर्डला सांगा, खात्री व्हायची वाट बघू नका. आणि स्ट्युअर्ड असाल तर एक साधी वही ठेवा, तारीख, कोण आलं, काय मागितलं, कोणी सही केली. ही वही पुढे फार कामाला येते.

मग आपलं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे युनियन आणि एम्प्लॉयर यांच्यातला करार, काढून सबकॉन्ट्रॅक्टिंगचा भाग वाचा. बऱ्याच लोकांना वाटतं की युनियन असली म्हणजे काम बाहेर देताच येत नाही, तसं अजिबात नाहीये. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९८२ साली लोकल १९५ आयएफपीटीई (इंजिनियर आणि तांत्रिक लोकांची युनियन) विरुद्ध राज्य सरकार या केसमध्ये सांगितलं की काम बाहेर द्यायचं का हा निर्णय सरकारचा, त्यावर वाटाघाटी होऊ शकत नाहीत. पण त्याच निकालात हेही आहे की पैसे वाचवायला काम बाहेर देत असतील तर त्याआधी युनियनशी चर्चा करावी असं कलम करारात मागता येतं. हे कलम छोटं दिसतं पण आख्खी लढाई याच्यावर उभी राहते. कारण पैसे वाचतात म्हणून देतोय असं म्हटलं की आकडे दाखवावे लागतात, आणि आकडे टेबलावर आले की आपल्याला बोलायला जागा मिळते. तुमच्या करारात हे कलम नसेल तर पुढच्या बार्गेनिंगला पहिली मागणी हीच ठेवा, पगारवाढीइतकीच नेटाने.

चर्चा कायम लेखी मागा. डायरेक्टर म्हणाले बघू, म्हणाले काळजी करू नका, याला कागदावर किंमत नाही. ईमेल टाका, तारीख मागा, आणि सोबत माहितीचा अर्ज द्या: सध्याच्या टीमचा खर्च, व्हेंडरचा, म्हणजे काम घेणाऱ्या बाहेरच्या कंपनीचा, अंदाज, कन्सल्टंटचा रिपोर्ट, बचतीचा हिशोब कसा काढला तो तक्ता. बार्गेनिंगसाठी लागणारी माहिती युनियनला मागता येते. त्याशिवाय इथे न्यू जर्सीत ओप्रा आहे, सरकारी कागद मागायचा कायदा, भारतातल्या माहिती अधिकारासारखाच, सर्वसाधारणपणे ७ कामाच्या दिवसांत उत्तर यायला हवं. अर्ज करताना ‘आउटसोर्सिंगचे सगळे कागद’ असं मोघम लिहिलं की फेटाळतात. कुठला कागद, कुठल्या तारखांमधला, कोणाकोणातला पत्रव्यवहार, असं नेमकं लिहा. इथे ती वही उघडा.

आता आकडे. इथे घाई करू नका, पूर्ण वीकेंड द्या आणि टीममधल्या दोन हिशोबी लोकांना बसवा. व्हेंडरचा तासाचा रेट आणि तुमचा पगार शेजारी ठेवून बचत दाखवतात, पण त्यात काय धरलेलं नसतं ते शोधायचं. हँडओव्हरच्या महिन्यांत दोन्ही टीमना पैसे द्यावे लागतात. कॉन्ट्रॅक्ट सांभाळायला सरकारी माणसं लागतातच. साचलेल्या रजांचे पैसे द्यावे लागतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे चेंज ऑर्डर: कायदा बदलला, फॉर्म बदलला, केंद्राने नवीन नियम आणला की प्रत्येक बदलाचं वेगळं बिल. घरच्या टीमला सोमवारी सांगितलं तर गुरुवारी होतं ते काम तिकडे आधी इस्टिमेट, मग सही, मग रांग. आपल्या टीमने गेल्या तीन वर्षांत असे किती बदल केले ते तिकिटांमधून, म्हणजे सिस्टिममधल्या कामाच्या नोंदींमधून, मोजून काढा, हा आकडा फक्त तुमच्याकडेच असतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी विद्यापीठाचं, यूसीएसएफचं प्रकरण यासाठी नीट वाचण्यासारखं आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात त्यांनी सांगितलं की आयटीचं बरंच काम एचसीएल या भारतीय कंपनीला देणार, ५ वर्षांचं सुमारे ५ कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट, ३ कोटी डॉलर वाचतील. यूपीटीई या युनियनने विरोध केला, निदर्शनं झाली, खासदारांनी पत्रं लिहिली, तरी २८ फेब्रुवारी २०१७ ला लोकांचा शेवटचा दिवस झाला. त्यातल्या कित्येकांना जायच्या आधी आपल्याच बदली माणसांना काम शिकवावं लागलं. माझ्या मते जाहीर झालं तेव्हा ठरून गेलं होतं, आणि ठरून गेल्यावर निषेधाने फारसं हलत नाही.

केटीबद्दल, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, व्हेंडरच्या माणसांना आपलं काम शिकवणं, हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, की नाही म्हणू का? एकट्याने नाही म्हणू नका! इनसबॉर्डिनेशन, म्हणजे हुकूम मोडल्याचा आरोप, लावतात आणि मग तुमची केस सांभाळण्यात युनियनची ताकद जाते. करायचं काय तर युनियनतर्फे लेखी विचारायचं की हे ट्रेनिंग आमच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये कुठे आहे, त्याचे तास कोणत्या कोडवर टाकायचे, त्यामुळे जी रोजची कामं मागे पडतील त्याची जबाबदारी कोणाची. आणि खरोखर किती तास गेले ते रोज टिपायचं, कारण हाही खर्च बचतीतून वजा व्हायला हवा.

बाहेरचे लोक सोबत हवेत तर ‘आमच्या नोकऱ्या वाचवा’ एवढ्यावर कोणी येत नाही, खरं सांगते, लोक म्हणतात आमच्या कुठे कोणी वाचवल्या. पण तुमची सिस्टिम बंद पडली तर कोणाचं काय अडतं हे सांगितलं की ऐकतात. एप्रिल २०२० आठवा, बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा एकदम लोंढा आला आणि आमचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांना टीव्हीवर येऊन सांगावं लागलं की जुन्या मेनफ्रेम (मोठे जुने कॉम्प्युटर) आहेत, त्यांची कोबोल ही जुनी भाषा येणारे व्हॉलंटियर हवेत. ती सिस्टिम आतून माहीत असलेली दोन माणसं खात्यात असणं म्हणजे काय ते त्या महिन्यात चेकची वाट बघत बसलेल्या प्रत्येकाला समजावता येतं. म्हणून भत्ता घेणारे, पेन्शनर, लायब्ररीवाले, नर्सेसच्या युनियन, यांच्याकडे जा. त्यांचे सोशल सिक्युरिटी नंबर कुठल्या सर्व्हरवर असतील आणि ते कोण बघू शकेल हे त्यांना विचारू द्या, त्यांच्या तोंडून तो प्रश्न जास्त लागतो.

यात न्यू जर्सीचा इतिहास आपल्या बाजूने आहे आणि त्याचा धागा थेट मुंबईशी आहे. २००२ च्या सुमाराला इथल्या वेलफेअर आणि फूड स्टॅम्प, म्हणजे गरिबांना मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्या लोकांचे फोन मुंबईत उचलले जात होते, कारण ज्या कंपनीकडे काम होतं तिने आपलं कॉल सेंटर विस्कॉन्सिनमधून तिकडे हलवलं होतं. म्हणजे नोकरी नाही म्हणून मदत मागणाऱ्याचा फोन, आणि तो उचलायची नोकरी देशाबाहेर. स्टेट सिनेटर शर्ली टर्नर यांनी बिल आणलं, सिनेटमध्ये एकमताने पास झालं, पण पुढे अडकलं. दरम्यान सरकारने कंपनीशी परत बोलून जास्त पैसे देऊन ते काम न्यू जर्सीतल्याच कॅम्डेनला आणलं. आणि २००५ मध्ये रिचर्ड कोडी अ‍ॅक्टिंग गव्हर्नर असताना कायदा झाला की राज्याच्या कॉन्ट्रॅक्टमधल्या सर्व्हिसेस अमेरिकेतच द्यायच्या, अपवाद लेखी मंजुरीनेच. तीन वर्षं लागली.

या कायद्यामुळे एक फॉर्म आलाय तो विसरू नका, सोर्स डिस्क्लोजर सर्टिफिकेशन. काम नेमकं कुठे होणार, सबकॉन्ट्रॅक्टरसकट, ते व्हेंडरला त्यात लिहून द्यावं लागतं, आणि कॉन्ट्रॅक्ट चालू असताना परवानगीशिवाय काम देशाबाहेर हलवलं तर तो करारभंग. हा फॉर्म मागून घ्या. आणि तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: कंपनी कुठली, काम कुठे बसून होणार, आणि करणारी माणसं कोणाच्या पगारावर. टीव्हीए, म्हणजे टेनेसी व्हॅली अथॉरिटी, १९३३ पासूनची सरकारी वीज कंपनी, तिथे २०२० मध्ये २० टक्के आयटी काम परदेशी मुख्यालयं असलेल्या कंपन्यांना द्यायचं ठरलं, तेव्हा मॅनेजमेंटचं म्हणणं होतं की काम तर अमेरिकेतच होईल. आयएफपीटीईशी जोडलेल्या तिथल्या इंजिनियरांच्या युनियनने ते पटवून घेतलं नाही, ऐन कोविडमध्ये लोकांना काढताय हा मुद्दा सोडला नाही. निवडणुकीचं वर्ष होतं, ३ ऑगस्टला ट्रम्प यांनी बोर्डाच्या चेअरमनसकट दोघांना काढलं आणि त्याच आठवड्यात निर्णय मागे घेतला गेला. असा प्रेसिडेंट मदतीला येईल म्हणून बसू नका, पण बोर्डावर कोण आहे, त्यांना कोण नेमतं, पुढची निवडणूक कधी, ही यादी मात्र पहिल्याच आठवड्यात करून ठेवा.

आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय. अशा लढाईत आपल्यासारख्यांची कोंडी होते. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, ‘देम इंडियन्स’, आणि मग तुमच्याकडे बघून गप्प होतं. मला पहिल्यांदा झालं तेव्हा मी घरी येऊन रडले होते. आता मी त्याच मीटिंगमध्ये उभी राहून बोलते की माझा मावसभाऊ हिंजवडीत रात्रपाळी करतो, त्याला तुमची नोकरी कोणी विचारून दिली नाही, प्रोजेक्ट गेलं की तो बेंचवर आणि बेंचवरून घरी. कॉन्ट्रॅक्ट ज्यांनी सही केलं ते ट्रेंटनमध्ये, आपल्या राज्याच्या राजधानीत, बसतात, त्यांच्याशी भांडू. इंडियाना राज्याने २००३ मध्ये बेरोजगार भत्त्याच्या सिस्टिमचं १ कोटी ५२ लाख डॉलरचं काम टाटा कन्सल्टन्सीच्या अमेरिकन कंपनीला दिलं आणि ओरड झाल्यावर गव्हर्नर कर्नन यांनी रद्द केलं, त्यावरून आजही लोक टीसीएसला नावं ठेवतात, पण कंपनीने फक्त टेंडर भरलं होतं, काय हवं ते राज्याने लिहिलं होतं. म्हणून पत्रकात देशाचं नाव घालू नका, ‘परकीय’ शब्दही नको, कोणत्या सर्व्हिसचं काय होणार तेवढंच लिहा. अशी पत्रकं मी स्वतः दोनदा परत पाठवलीयत. पुण्यात नाइट्स नावाची आयटीवाल्यांची संघटना आहे, लेऑफ आणि रखडलेल्या जॉइनिंगचे प्रश्न घेते, आपल्यातल्या मराठी लोकांनी तरी त्यांच्याशी ओळख ठेवावी असं मला फार वाटतं, तारेच्या दोन्ही टोकांना माणसंच आहेत.

आणि सही होऊनच गेली असेल तर? तरी काम संपत नाही. सिव्हिल सर्व्हिसमधल्या सीनिऑरिटीचे आणि बंपिंगचे (जागा गेली तर ज्युनियरच्या जागेवर जायचे) हक्क काय आहेत ते प्रत्येकाला वेगवेगळं बसून समजावून सांगा, कारण घाबरलेला माणूस पहिल्या ऑफरवर सही करतो. व्हेंडरने कबूल केलेल्या सर्व्हिस लेव्हल, म्हणजे किती वेळात काय करून देणार ते, आणि प्रत्यक्षातली तिकिटं यांचा महिन्याचा तक्ता ठेवा, प्रत्येक चेंज ऑर्डरची रक्कम ओप्राखाली मागत राहा. अशी कॉन्ट्रॅक्ट्स रिन्यूअलला येतात, ती तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका, आणि तिच्या एक वर्ष आधीची दुसरी.