लिनक्स फोनचा आवाज वारंवार जातो? रीस्टार्ट करण्याआधी हे करून पाहा

कॉल उचलला, पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते, पण पलीकडून काहीच ऐकू येईना. फोन बंद करून चालू केला आणि पुन्हा लावला तेव्हा आई म्हणाली, “अरे, मी मघापासून हॅलो हॅलो करतेय!” मोबियन किंवा पोस्टमार्केटओएस (फोनसाठीच्या लिनक्स प्रणाली) घातलेला फोन रोज वापरणाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतोच. रीस्टार्टने आवाज परत येतो हे खरं, पण तो कशामुळे गेला होता याचा मागही पुसला जातो. म्हणून आवाज नेमका कुठे अडलाय हे आधी बघावं.

आवाजाची वाट थोडक्यात अशी: सगळ्यात खाली कर्नलमधलं, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातलं, अल्सा, त्यावर ॲपचा आवाज स्पीकरकडे पोचवणारं पाइपवायर (जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये पल्सऑडिओ), आणि कॉल सुरू झाला की वाट बदलून देणारं कॉलऑडिओडी. पुढच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करा. ‘सिस्टमसीटीएल’ आणि ‘जर्नलसीटीएल’ फक्त सिस्टमडी असलेल्या प्रणालीत चालतात; ओपनआरसी वापरणाऱ्या पोस्टमार्केटओएसमध्ये नाही.

आधी बटणं बघा. पाइनफोन या लिनक्स फोनचं मागचं झाकण काढलं की सहा बारीक स्विच दिसतात. तिसरा माइकचा. सहावा हेडफोनचा, आणि तो बंद असेल तर हेडफोनचं भोक चक्क सिरीयल पोर्ट होतं, डेव्हलपरच्या कामाचं. मग कितीही चांगला हेडफोन लावा, गाणं ऐकू येणार नाही. फोन बंद करून टूथपिकने हा स्विच सरकवा. लिब्रेम ५ या दुसऱ्या लिनक्स फोनमध्ये कॅमेरा आणि माइक यांचा स्विच एकच आहे आणि तो कडेला आहे. कॅमेरा बंद ठेवण्यासाठी तो सरकवला की माइकही जातो.

मग एक गाणं लावा. सगळा निवाडा इथेच होतो. गाणं वाजतंय आणि कॉल मुका आहे, तर बिघाड कॉलच्या बाजूला. पाइनफोनमध्ये कॉलचा आवाज मोडेममधून (नेटवर्कशी बोलणाऱ्या भागातून) थेट ऑडिओ कोडेककडे (आवाजाच्या चिपकडे) जातो, गाण्याच्या वाटेने येतच नाही. त्यामुळे गाणं वाजलं म्हणजे कॉलही ऐकू येईल असं धरून चालू नका.

अशा वेळी कॉल चालू असतानाच स्पीकरचं बटण एकदा चालू करून बंद करा. वाट नव्याने जोडली जाते आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाहीच तर ‘कॉलऑडिओसीएलआय -एम १’ ही आज्ञा द्या. उलट, कॉल संपल्यावरही गाणी कानाच्या बारीक स्पीकरमधूनच येत राहिली तर एकच्या जागी शून्य. तरीही पलीकडचा आवाज येत नसेल तर बहुधा मोडेम अडकलाय. पाइनफोनवर ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट ईजी२५-मॅनेजर’ करा. चालू कॉल तुटेल आणि रेंज यायला थोडा वेळ लागेल.

गाणंही वाजत नसेल तर ‘सिस्टमसीटीएल --यूजर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लम्बर’. इथे सुडो, म्हणजे प्रशासकाचा अधिकार, लावू नका. या सेवा तुमच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये चालतात. सुडो लावलं की आज्ञा भलत्याच ठिकाणी जाते आणि पुष्कळजण इथेच अडतात. पल्सऑडिओ असेल तर ‘पल्सऑडिओ -के’ पुरे, ते बंद होऊन सहसा आपोआप पुन्हा उठतं.

एवढं करूनही शांतताच असेल तर ‘अल्सामिक्सर -सी ०’ उघडा. पाइनफोनवर ‘लाइन आउट’ म्हणजे मोठा स्पीकर, ‘इअरपीस’ म्हणजे कानाचा. पट्टीखाली दोन ‘एम’ दिसले तर ती म्यूट आहे. बाणाने तिथे जा, ‘एम’ दाबा, म्हणजे दोन ‘ओ’ दिसतील.

एक चिवट प्रकार आहे: दुरुस्त करावं आणि पुढच्या वेळी फोन चालू करताच पुन्हा तेच. पाइपवायरमधला आवाज कुठे जायचा ते ठरवणारं वायरप्लम्बर तुमची शेवटची निवड लक्षात ठेवतं, आणि चुकीची निवडही तितक्याच निष्ठेने ठेवतं. होम फोल्डरमध्ये लपलेल्या ‘.लोकल’ मधल्या ‘स्टेट’ मध्ये त्याचं फोल्डर असतं. ते पुसू नका, नुसतं नाव बदला आणि वरच्या सेवा पुन्हा सुरू करा.

बिघाड परत परत येत असेल तर तो कधी येतो ते टिपून ठेवा: फोन झोपेतून उठल्यावर, ब्लूटूथ तोडल्यावर, की कॉल संपल्यावर? आणि काहीही रीस्टार्ट करण्याआधी ‘जर्नलसीटीएल --यूजर -बी’ चा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घ्या. दुरुस्ती करणारे बहुतेक स्वयंसेवक आहेत. “आवाज येत नाही” एवढ्यावर त्यांना काही करता येत नाही, या फाइलवर येतं.

रस्त्यात, एका हातात पिशवी असताना एवढं टाइप करणं काही खरं नाही. म्हणून पाइपवायरची ती आज्ञा एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घाला आणि ‘.लोकल’, ‘शेअर’, ‘ॲप्लिकेशन्स’ या फोल्डरात तिची डेस्कटॉप फाइल ठेवा. ॲपच्या यादीत आयकॉन येतो. माझ्याकडे त्याचं नाव ‘आवाज’ आहे, आणि आईचा फोन यायच्या वेळेआधी तो एकदा दाबून, गाण्याची एक ओळ वाजवून मी खात्री करून घेतो.