तारणाची खात्री डळमळते तेव्हा: या चुका टाळा

तारण म्हणजे ख्रिस्ताद्वारे पापातून झालेली सुटका. ती आपल्याला मिळाली आहे याची खात्री वाटत नाही म्हणजे तारणच झालेलं नाही, असं धरून बसणं ही सगळ्यात जड चूक. 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीचा, म्हणजे प्रॉटेस्टंट श्रद्धेची मांडणी करणाऱ्या इंग्लंडमधल्या दस्तऐवजाचा, 18 वा अध्याय याच विषयावर आहे. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्रीसाठी बराच काळ थांबावं लागू शकतं, झगडावं लागू शकतं, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

दुसरी चूक भावनेला पुरावा मानण्याची. ठाण्याहून रोज लोकलच्या गर्दीत उभं राहून जायचं, रात्री घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून घर गाठायचं. असा माणूस रविवारी स्तुतिगीतांत गहिवरतो आणि मंगळवारी प्रार्थनेला बसला की त्याला काहीच वाटत नाही. लगेच मनात येतं, देव दूर गेला. अहो, तुम्ही दमलेले आहात! मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली, त्याचं पाहा. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनमध्ये त्याचं हृदय विलक्षण ऊबेनं भरलं, आणि जानेवारी 1739 मध्ये तोच आपल्या रोजनिशीत लिहितो की मी ख्रिस्ती नाही. आपल्या हातातून मेंढरांना, म्हणजे आपल्या अनुयायांना, कोणी हिसकावून घेणार नाही, असं येशू योहान 10:28 मध्ये सांगतो. तिथे पकड त्याच्या हाताची आहे. मेंढराला त्या दिवशी काय वाटतंय याचा तिथे उल्लेखही नाही.

म्हणूनच दर संमेलनात ख्रिस्ताला स्वीकारतो म्हणून पुन्हा हात वर करणं किंवा 'या वेळी तरी मनापासून' म्हणून पुन्हा बाप्तिस्मा मागणं थांबवा. मार्क 9:24 मधला बाप एका दमात विश्वासही कबूल करतो आणि अविश्वासासाठी मदतही मागतो. येशूनं त्याचा मुलगा बरा केला. आधी विश्वास पक्का करून ये, असं सांगून परत पाठवलं नाही.

दुसऱ्याच्या साक्षीवर, म्हणजे तो विश्वासात कसा आला या कहाणीवर, आपली साक्ष मापू नका. ख्रिस्ती घरात वाढलेल्या तरुणांना हे फार छळतं, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखी तारीख नसते. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. एकाच घरात दोन वाटा, दोन वेग. लक्ष्मीबाईंचा विश्वास उशिरा आला म्हणून कमी अस्सल होता, असं कोण म्हणेल?

आत्मपरीक्षणाबद्दल मात्र थोडं सावकाश बोलायला हवं, कारण इथे दोन्ही बाजूंनी घसरतात. योहानाचं पहिलं पत्र खात्री मिळावी म्हणूनच लिहिलं आहे, हे 5:13 मध्ये तो स्वतः सांगतो. ख्रिस्तावरचा विश्वास, आज्ञापालन आणि बंधुप्रीती या त्यातल्या खुणा. काहीजण त्यांचं मार्कांचं गणित करतात आणि दर रात्री नापास होतात. पण त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात, आपल्यात पाप नाही असं म्हणणारा स्वतःला फसवतो, असंही आहे. जीवनाची दिशा पाहायची, एखादा दिवस नव्हे. उलट, एखादं पाप जाणूनबुजून जपत खात्रीची अपेक्षा करणंही चालणार नाही. स्तोत्र 51 मध्ये दावीद तारणाचा हर्ष परत मागतो, कारण लपवलेल्या पापानं तो हर्षच गेला होता. असं काही असेल तर पाळकांशी किंवा भरवशाच्या एखाद्या ताईशी, दादांशी बोला. पुढच्या प्रभुभोजनापर्यंत लांबवू नका.

अक्षम्य पापाची भीती वाटते? मार्क 3 मध्ये तो इशारा येशूच्या कामाला सैतानाचं म्हणणाऱ्या शास्त्र्यांना होता. क्षमेसाठी रडणारा माणूस त्यांच्यासारखा नाही.

आणि झोप उडाली असेल, तीच शंका दिवसभर घुमत असेल, जेवण तुटलं असेल, तर ते फक्त आत्मिक दुखणं समजू नका. ठाण्यात 1901 पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोनवरही बोलता येतं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास नव्हे. औषध आणि प्रार्थना दोन्ही चालू ठेवा, आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा.