छाती दगडासारखी, बाळ अंगावर धरेना

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध एकदम भरतं. बोंडाभोवतीचा काळा भाग टणक होतो आणि बाळाच्या तोंडात मावत नाही. बाळ नुसतं बोंड चावतं, चिरा पडतात. अशा वेळी दूध कमी म्हणून वरचं दूध सुरू करू नका, त्रास वाढतो.

मला उपयोगी पडलं ते असं. बोंडाच्या मुळाशी चारी बाजूंनी बोटांची टोकं ठेवून छातीकडे एक मिनिट स्थिर दाबायचं. मग हातानेच थोडं दूध काढायचं, भाग मऊ होईपर्यंतच. स्तन रिकामा करत बसलं तर दूध आणखी बनतं. बाळाने मोठा आ केला की लगेच जवळ घ्यायचं, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. पाजून झाल्यावर गार ओला पंचा दहा मिनिटं. दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पाजायचं. ताप किंवा लाल चट्टा आला तर डॉक्टरांकडे जा, पण पाजणं चालू ठेवा.