दूरच्या एडिटरसोबत प्रॉक्सीवर काम: आधी नावं, मग बाकी सगळं

प्रॉक्सी म्हणजे मूळ फुटेजची एडिटसाठी काढलेली हलकी कॉपी. ‘प्रॉक्सी बनवा आणि एडिटरला पाठवा’, एवढ्यावरच बहुतेकांचा सल्ला संपतो. बनवणं आणि पाठवणं कुणालाही जमतं. कस लागतो तो एडिट परत आल्यावर. प्रॉक्सीवर मारलेला प्रत्येक कट मूळ फुटेजवर नेमक्या त्याच फ्रेमला बसला पाहिजे. त्याची तयारी प्रॉक्सी बनवण्याआधीच करावी लागते, आणि तिथेच लोक घाई करतात.

कार्ड उतरवून दोन डिस्कवर कॉपी झाली की लगेच ट्रान्सकोड (प्रॉक्सीत रूपांतर) लावू नका. क्लिपची नावं बघा.

कार्ड फॉरमॅट केलं की काही कॅमेरे आकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. दोन दिवस चाललेल्या एका मुलाखतीत माझ्याकडे अशाच सी०००१ नावाच्या दोन क्लिप आल्या होत्या, फक्त फोल्डर वेगळे. प्रॉक्सीवर एडिट सुरेख झाला. मी रिलिंक केलं, म्हणजे टाइमलाइन प्रॉक्सीऐवजी मूळ फाइलना जोडली, आणि सॉफ्टवेअरने त्या नावाची जी फाइल आधी सापडली ती उचलली. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवरचा होता, तो जागच्या जागी राहिला. चित्रात मात्र निळ्या शर्टातला माणूस मध्येच पांढऱ्या शर्टात आला आणि ओठ भलतंच बोलू लागले. प्रत्येक कट हाताने शोधून बसवताना दोन रात्री गेल्या.

तेव्हापासून कुणीही क्लिप इम्पोर्ट करण्याआधी मी नावं बदलतो: तारीख, कॅमेरा, कार्ड, मग मूळ नाव. उदाहरणार्थ, २४०३१२_ए_०२_सी०००१. अपवाद एकच. काही कॅमेरे एक शॉट अनेक तुकड्यांत, स्वतःच्या फोल्डर-रचनेत साठवतात. तिथे आतलं काहीही बदलू नका, शॉट तुटतो. आणि प्रॉक्सी तयार झाल्यावर मूळ फाइलचं नाव बदलायचं नाही म्हणजे नाही.

नावाइतक्याच आणखी चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळेचा आकडा), फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम), क्लिपची लांबी आणि ऑडिओ चॅनल. २३.९७६ आणि २४ हे ‘जवळपास सारखंच’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. तासाभरात ८६ फ्रेमचा फरक पडतो. ऑडिओवर तर हमखास घोळ होतो. मूळ क्लिपमध्ये चार मोनो चॅनल असतात, फुकटचा कन्व्हर्टर त्यांचा एक स्टिरिओ करून देतो, आणि अशी प्रॉक्सी प्रीमियर हे एडिटिंग सॉफ्टवेअर जोडूनच घेत नाही. म्हणून प्रॉक्सी एडिटिंग सॉफ्टवेअरमधूनच किंवा त्याच्या सोबतच्या प्रॉक्सी जनरेटरमधूनच काढा. मोबाइल आणि स्क्रीन रेकॉर्डिंगचा फ्रेम रेट बरेचदा बदलता असतो. ते आधी स्थिर फ्रेम रेटवर आणा आणि पुढे तीच फाइल मूळ धरा.

साइज नेमकी अर्धी ठेवा: ३८४० बाय २१६० ची १९२० बाय १०८०, ४०९६ बाय २१६० ची २०४८ बाय १०८०. कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत, इंटरनेटचा वेग बघून ठरवा. सेकंदाला २५ फ्रेमच्या यूएचडी (३८४० बाय २१६०) मूळ फुटेजला, प्रोरेस एचक्यू या जड कोडेकमध्ये, तासाला सुमारे ३३० जीबी लागतात. १०८० च्या प्रोरेस प्रॉक्सीला सुमारे १७ जीबी, तर १० एमबीपीएसच्या एच.२६४ ला साडेचार जीबी. अपलोडचा वेग कमी असेल तर मी एच.२६४ घेतो.

आता सगळे टाळतात ती पायरी. पूर्ण फुटेज पाठवण्याआधी प्रत्येक कॅमेऱ्याच्या दोन-तीन क्लिप पाठवा, त्यांवर दहा-बारा कट मारायला सांगा. प्रोजेक्ट फाइलसोबत त्या टाइमलाइनची प्रॉक्सीवरून काढलेली व्हिडिओ फाइलही मागवा. मूळ फुटेजला रिलिंक करा, ती व्हिडिओ फाइल वरच्या ट्रॅकवर ठेवा आणि ब्लेंड मोड ‘डिफरन्स’ करा, म्हणजे दोन चित्रांतला फरकच फक्त दिसतो. सगळं जुळलं असेल तर पडदा जवळजवळ काळा दिसतो, कडांना फिकट रेघा तेवढ्या उरतात. कुठे चेहरा उमटला, तर तो कट सरकलाय. हे अर्ध्या तासाचं काम आहे. ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्या एडिटरसोबत मी काम सुरूच करत नाही.

एडिट चालू असताना फक्त प्रोजेक्ट फाइल इकडून तिकडे जाते. दर खेपेला नवा व्हर्जन नंबर द्या आणि एका वेळी एकानेच ती उघडा. सिंक होणाऱ्या फोल्डरमधली एकच फाइल दोघांनी उघडून ठेवली, तर एकाचं काम दुसऱ्याखाली गाडलं जातं.

शेवटच्या एक्सपोर्टआधी रेंडर सेटिंगमधला प्रॉक्सी वापरण्याचा पर्याय बंद आहे ना, ते बघा. मग तयार फाइल शंभर टक्के झूमवर थांबवून केसांच्या बटा किंवा पाटीवरची बारीक अक्षरं तपासा. मूळ फुटेजमध्ये स्पष्ट वाचता येणारी अक्षरं इथे पुसट दिसत असतील, तर त्या कटाखाली अजून प्रॉक्सीच आहे.