घरमालकाकडून लाईट बिल कसं मागायचं आणि कसं तपासायचं

सोलापुरात भाड्यानं राहणाऱ्या बऱ्याच जणांना लाईट बिलाचा आकडा फक्त तोंडी कळतो. "या महिन्याला तुमचे बाराशे झाले बघा," असं मालक जिन्यात भेटल्यावर सांगतात आणि आपण देऊन टाकतो, दोन-चारशे रुपयांसाठी कशाला वाईटपणा घ्यायचा म्हणून. जुळे सोलापुरात मी पण दोन वर्षं असंच दिलं. पण ज्या बिलाचे पैसे आपण भरतो ते बघायला मागणं यात काही चुकीचं नाही, आणि नीट मागितलं तर भांडण पण होत नाही.

सुरुवात करारापासून करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. एजंटच्या छापील मसुद्यात "वीजबिल भाडेकरूने भरावे" एवढंच असतं. त्याखाली अजून दोन वाक्यं घालून घ्या: दर महिन्याच्या बिलाची प्रत मालक देतील, आणि सबमीटर (मालकांच्या मीटरखाली फक्त तुमच्या घरापुरता लावलेला छोटा मीटर) असेल तर रीडिंग दोघांनी मिळून घ्यायचं आणि दर बिलावरून काढायचा. हे सही करायच्या आधीच बोला, कारण सामान आत आल्यावर आपलं कोण ऐकतंय?

मग ग्राहक क्रमांक मागा. महावितरणच्या बिलावर 12 अंकी ग्राहक क्रमांक असतो आणि शेजारी 4 अंकी बिलिंग युनिट. हे दोन नंबर हातात असले की महावितरणच्या वेबसाईटवर किंवा अ‍ॅपवर बिल तुमचं तुम्हाला बघता येतं, दर महिन्याला मालकांच्या मागं लागायची गरजच राहत नाही. मागताना एवढंच म्हणा, "काका, ग्राहक नंबर तेवढा टाका की व्हॉट्सअ‍ॅपवर, बिल मीच ऑनलाईन भरत जातो." यात त्यांचीही एक चक्कर वाचते म्हणून सहसा नाही म्हणत नाहीत. राहायला जायच्या आधीच मागची थकबाकी आहे का ते बघून घ्या, आधीच्या भाडेकरूचं राहिलेलं आपल्या गळ्यात नको.

ज्या दिवशी चावी मिळेल त्याच दिवशी मीटरचा फोटो काढा. स्क्रीनवर तारीख, वेळ, बरेच आकडे फिरत असतात, त्यातला केडब्ल्यूएच (kWh, म्हणजे युनिट) लिहिलेला आकडा म्हणजे तुमचं रीडिंग. तो फोटो लगेच मालकांना पाठवून ठेवा.

आता जे मी दोन वर्षं केलं नाही ते तुम्ही पहिल्या आठवड्यातच करा. घरातला मेन स्विच पूर्ण बंद करा आणि खाली जाऊन आपल्या मीटरवरचा छोटा लाल दिवा बघा. आपला वापर शून्य असेल तर तो लुकलुकायचा थांबला पाहिजे. माझा थांबला नाही, चांगला भराभर लुकलुकत होता, आणि त्या दिवशी नळाला पाणी आलेलं. आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आलं की अख्ख्या बिल्डिंगची मोटर तासन् तास चालते, आणि ती मोटर अन् जिन्यातली ट्यूब दोन्ही माझ्या मीटरवर निघाल्या. मालकांना खरंच माहीत नव्हतं, बांधकामाच्या वेळी वायरमननं तसंच जोडून टाकलेलं. त्यांना खाली बोलावून दिवा दाखवला, दुसऱ्याच दिवशी त्यांनी बदलून घेतलं. म्हणून ही टेस्ट पाणी येतं त्या दिवशी, मोटर चालू असतानाच करा.

एकाच मीटरवर दोन-तीन बिऱ्हाडं असतील तर हिशोब नीट समजून घ्या. बिलात थकबाकी, व्याज आणि सुरक्षा ठेवीचा हप्ता असेल तर तो आधी बाजूला काढा, तो मालकांचा. समजा बिल 3,600 आलं आणि त्यात 800 थकबाकी आहे, तर उरले 2,800. एकूण युनिट 280 असतील तर युनिटला 10 रुपये पडले, तुमचे 90 युनिट असतील तर 900 द्यायचे. अजून एक, घरगुती दर 100 युनिटनंतर वाढतो आणि 300 नंतर अजून वाढतो, म्हणजे तीन घरांचे युनिट एकत्र आले की सगळ्यांनाच महाग पडतं. शक्य असेल तर वेगळा मीटर मागा. वीज कायदा 2003 च्या कलम 43 प्रमाणे जागेत राहणाऱ्यालाही कनेक्शनसाठी अर्ज करता येतो, आणि मालकानं ना-हरकत दिली नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सांगितलंय.

पाणीपट्टीचं सोपं आहे, महापालिकेचं बिल आणि भरल्याची पावती बघायला मागायची. उन्हाळ्यात टँकरचे पैसे मागितले तर टँकरची पावती.

एवढं करूनही मालक बिल दाखवत नसतील तर तोंडी बोलत बसू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा पत्रानं लिहून मागा आणि भाडं मात्र वेळेवर, बँकेतून देत राहा, रागाच्या भरात भाडं थांबवलं तर आपलीच बाजू लंगडी पडते. बिल मागितलं म्हणून कुणी लाईट किंवा पाणी तोडलं तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 खाली भाडेकरूला कोर्टात अर्ज करता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, महिलांना तिथं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. मीटर किंवा बिलाबद्दलच शंका असेल तर महावितरणचा 1912 नंबर आहे.

घर सोडताना शेवटच्या दिवशी परत मीटरचा फोटो काढा, मालकांना शेजारी उभं करून, आणि डिपॉझिटमधून लाईटचे किती कापले ते त्याच रीडिंगवरून कागदावर लिहून घ्या.