कैकेयीच्या बाजूनं गोष्ट लिहायची तर

पुराणातल्या बदनाम पात्राच्या तोंडून लिहायला बसलं की बहुतेक जण त्याचं वकीलपत्रच घेतात. कैकेयी बिचारी भोळी, सगळं मंथरेनं केलं. पण जिनं काही केलंच नाही, तिची गोष्ट सांगणार काय? तिला सोडवू नका. तिनं ते का केलं, एवढं पटलं की पुष्कळ.

पहिलं काम वाचनाचं. मालिकांत पाहिलेलं, कीर्तनात ऐकलेलं बाजूला ठेवा आणि वाल्मीकीचं अयोध्याकांड मराठी भाषांतरात वाचा. सोलापुरात असाल तर हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारा. रथाच्या चाकात बोट घातल्याची गोष्ट त्यात नाही. बेशुद्ध दशरथाला ती रणांगणातून बाहेर काढते, म्हणून दोन वर.

वाचताना खटकणाऱ्या जागा वहीत उतरवा. मंथरा अभिषेकाची बातमी आणते तेव्हा कैकेयी खूश होऊन तिला दागिना देते. राम आणि भरत मला सारखेच, म्हणते. इकडे दशरथ रामाला सांगतो, भरत गावाबाहेर आहे तोवरच अभिषेक उरकलेला बरा. आणि चित्रकूटावर राम स्वतः भरताला सांगतो, की कैकेयीशी लग्न करताना आपल्या वडिलांनी तुझ्या आजोबांना राज्याचं वचन दिलं होतं. हे वचन कैकेयी स्वतः कधीच काढत नाही. तिला ते ठाऊक नव्हतं? की ठाऊक असून गप्प बसली? वाल्मीकी सांगत नाही. तुमची गोष्ट इथून सुरू होते.

गैरसोयीचं गाळू नका. भरल्या सभेत ती स्वतःच्या हातानं वल्कलं आणून रामाला ‘नेस’ म्हणते. सीतेलाही देते, आणि सीतेला ती नेसताही येत नाहीत. हा प्रसंग टाळलात तर वाचक तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. उलट याच प्रसंगात तिच्या मनात काय चाललंय ते लिहा.

मग मसुद्यातून पुढचं माहीत असल्याची वाक्यं खोडा. ‘जग मला नावं ठेवील’ असलं काही वर मागितले त्या रात्री तिला सुचणार नाही. नवरा मरणार हे तिला ठाऊक नाही, मुलगा राज्य नाकारेल हे तर स्वप्नातही नाही.

‘असं कुठं लिहिलंय?’ असं घरातलं कुणीतरी विचारणारच. सांगा, रामकथा एकच नाही. सोलापूरच्या पूर्व भागात विणकर पद्मशाली समाज ज्यांना मूळपुरुष मानतो, नारळी पौर्णिमेला ज्यांचा रथ निघतो, ते मार्कंडेय ऋषी महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिराला रामकथा सांगतात, आणि ती वाल्मीकीपेक्षा वेगळी आहे. तिथं मंथरा म्हणजे ब्रह्मदेवाच्या आज्ञेनं जन्मलेली दुंदुभी नावाची गंधर्वी. शेजारच्या तेलुगू किंवा कन्नड आज्जीला विचारलंत तर आणखी काही निघेल. मात्र लिहिताना एकच पाठ धरा. दुंदुभी मी तरी घेणार नाही. देवांनीच करवलं म्हटल्यावर कैकेयीच्या हातात उरतं काय?

भाषेतलं ‘हे नाथ’, ‘हे प्राणेश्वर’ काढून टाका. मंथरा माहेरची जुनी दासी, तिला हक्कानं बोलू द्या. ‘ऊठ गं खुळे, झोपलीस काय?’ हे सोलापुरी वाटेल, पण वाल्मीकीची मंथरा जवळपास हेच म्हणते. लिहून झालं की मोठ्यानं वाचा. जीभ अडेल तिथलं वाक्य तोडा.

शेवट कुठं करायचा? मूळात एक नेमकी जागा आहे. भरत आजोळहून परततो, वडील महालात दिसत नाहीत म्हणून आईकडे येतो, आणि ती आनंदानं सोन्याच्या आसनावरून ताडकन उठते. तिथं थांबा. भरत पुढं काय बोलला ते वाचकाला ठाऊक असतं. एकपात्री करणार असाल तर त्याचे संवाद मुळीच घेऊ नका, नाहीतर शेवटची पाच मिनिटं त्याचीच होतील.